गावतळ्याचा बांध आणि त्याचा सांडवा

इ. स. १६२४ मध्ये अहमदनगर शहराजवळच्या भातोडी गावी मलिक अंबरची मोगल व आदिलशाही फौजांशी गाठ पडली. समोरचे सैन्य मोठे होते. त्याची वाट अडविण्यासाठी मलिक अंबरने तेथील तलावाचा बांध फोडला आणि पाणी व चिखल यांच्या साहाय्याने शत्रूची कोंडी केली, असे इतिहासकार सांगतात. मातीच्या बांधामागे साठलेल्या पाण्यात केवढे बळ असते, हे त्या सेनापतीने पुरते ओळखले होते.

मलिक अंबरला बांध फोडण्यासाठी माणसे लावावी लागली. आजच्या गावतळ्याच्या बाबतीत तेवढेही कष्ट पडत नाहीत. सांडव्यावर रचलेली वाळूच्या पोत्यांची एक ओळ आणि आश्लेषा-मघांतील एक मुसळधार रात्र, एवढ्यावर हे काम होऊन जाते. पोती रचणारा मनुष्य गावचा शत्रू नसतो. बहुधा तो गावातील सर्वांत कष्टाळू शेतकऱ्यांपैकी एक असतो आणि पाणी वाया जाऊ नये या सद्हेतूनेच त्याने ती रचलेली असतात. या जिल्ह्यातील बांधांची सुरक्षितता ही प्रथमतः या सद्हेतूची गोष्ट आहे.

आता अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. अकोले तालुक्याचा घाटमाथ्याचा पट्टा सोडला, तर बहुतेक तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वेळेवर पडेलच असा भरवसा नसतो. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेखाली येथे पाझर तलाव, गावतळी आणि नालाबांध मोठ्या संख्येने झाले. पाणी साठविणे व जमिनीत मुरविणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. पण त्यांचा आणखी एक उपयोग आहे व तो सहसा कोणी मोजीत नाही. डोंगरउतारावरून येणारा लोंढा बांधामागे थबकतो, सांडव्यावरून संथपणे उतरतो आणि नाल्याकाठची शेते खरवडून निघत नाहीत. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस शेवगाव व पाथर्डी तालुक्यांत एका रात्रीच्या पावसाने नद्या-नाल्यांना जो पूर आला, तो ज्यांनी पाहिला त्यांना दुष्काळी मुलखातही पुराचे भय बाळगावे लागते हे पुन्हा सांगावयास नको.

अशा बांधांची राखण कोणी करावयाची? २०२१ च्या डिसेंबरात संमत झालेला केंद्रीय धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटर उंचीच्या, ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या धरणांना लागू आहे. गावतळ्याचा पाच-सात मीटरांचा बांध त्यात येत नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची लहान कामे बहुतांशी जिल्हा परिषदेकडे असतात आणि एका शाखा अभियंत्याकडे अशी कामे पुष्कळ असतात. तो वर्षातून एकदा-दोनदा बांधावर येऊ शकेल. पावसाच्या रात्री तेथे असणार तो गावकरीच.

सांडव्याचा हिशेब

मातीचा बांध पाण्याचा दाब पुष्कळ सोसतो. परंतु माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला अजिबात सोसत नाही. माथ्यावरून एकदा धार सुरू झाली, की ती बाहेरील उतारावरची माती नेते, घळ पाडते, घळीतून अधिक पाणी येते व ते अधिक माती नेते. चांगला दाबलेला बांधसुद्धा या माऱ्यापुढे फार काळ टिकत नाही. म्हणूनच प्रत्येक बांधाला एका बाजूस, शक्यतो मूळच्या कठीण जमिनीत, सांडवा काढलेला असतो. सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असते. मोठ्यात मोठ्या पुराच्या वेळी सांडव्यावरून जेवढ्या खोलीचे पाणी वाहील असे धरलेले असते, त्याच्याही वर माथ्यापर्यंत काही अंतर मोकळे सोडतात. लाटा, बांधाचे खचणे आणि माणसाच्या अंदाजातील चूक यांसाठी ते मुक्त अंतर असते.

आता एक उदाहरण घेऊ. एका तळ्याचे पाणलोट क्षेत्र २०० हेक्टर आहे. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १,००० घनमीटर पाणी पडले. २०० हेक्टरांवर ते दोन लक्ष घनमीटर होते. जमीन आधीच भिजलेली असल्यास त्यातील निम्मे पाणी वाहून तळ्याकडे येते असे धरू. ते एक लक्ष घनमीटर पाणी तीन तासांत आले, तर सेकंदाला सरासरी सव्वानऊ घनमीटर पाणी तळ्यात शिरते. बारा मीटर लांबीच्या सांडव्यावरून साठ सेंटिमीटर खोलीचे पाणी वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे साडेनऊ घनमीटर पाणी बाहेर पडते. हिशेब जेमतेम जुळला. प्रत्यक्षात पाऊस तीन तास एकसारखा पडत नाही. मधल्या अर्ध्या तासात त्याचा जोर दुप्पट असू शकतो आणि तळ्याच्या पाणपसाऱ्यावर लोंढा काही काळ सामावला जातो म्हणूनच बांध निभावतो.

या सांडव्यावर कोणी तीस सेंटिमीटर उंचीची पोती रचली. त्याच पूरपातळीला आता सांडव्यावरून साठऐवजी तीसच सेंटिमीटर खोलीचे पाणी वाहू शकते. पाण्याची खोली निम्मी झाली म्हणून निसरण निम्मे होईल अशी समजूत असते. ती चुकीची आहे. खोली निम्मी होताच वेगही घटतो, त्यामुळे बाहेर पडणारे पाणी जवळजवळ एक तृतीयांशावर येते. साडेनऊ घनमीटरांच्या जागी सेकंदाला साडेतीन घनमीटरांहूनही कमी पाणी बाहेर जाते. येणारे पाणी मात्र सव्वानऊ घनमीटरच राहते. उरलेले पाणी तळ्यात चढू लागते, पूरपातळी ओलांडते आणि मुक्त अंतर खाऊ लागते. पोती वाहून गेली तर गावाचे नशीब. पण ती घट्ट बसावीत म्हणून मागे माती भरून वर दगड टाकण्याची दक्षताही पुष्कळदा घेतलेली आढळते!

या पोत्यांनी मिळते काय, तेही पाहावे. तळ्याचा पाणपसारा तीन हेक्टर असेल, तर तीस सेंटिमीटरांनी नऊ हजार घनमीटर पाणी अधिक साठते. कागदावर हे पाणी दोन हेक्टर गव्हाला पुरेल एवढे आहे. दुष्काळ भोगलेल्या शेतकऱ्याला दोन हेक्टर गहू ही लहान गोष्ट वाटत नाही व ती लहान नाहीही. पण उघड्या पाण्यावरून दररोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उन्हा-वाऱ्याने उडून जाते. तीस सेंटिमीटरांचा हा वरचा थर दोन महिन्यांत तसाच संपावयाचा. तेवढ्यासाठी संपूर्ण बांध आणि त्याखालची वस्ती पणास लावली जाते. साठा वाढवावयाचाच असेल, तर बांध व सांडवा दोन्ही एकदम आणि अभियंत्याच्या नकाशाप्रमाणे वाढवावे लागतात, किंवा गाळ काढावा लागतो.

गाळ काढण्याचे काम अलीकडे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या २०१७ पासूनच्या योजनेमुळे गावोगाव होऊ लागले आहे. ते चांगले काम आहे. त्यात एकच पथ्य पाळावयाचे. बांधाच्या आतील पायथ्याशी खोदू नये. तेथला गाळ पाण्याला बांधाच्या बुडाशी शिरू देत नाही व उताराला टेकाही देतो. कोठवर खोदावयाचे ती रेषा चुन्याने आखून घेतल्याशिवाय यंत्र तळ्यात उतरू देऊ नये.

सांडवा केवळ पोत्यांनीच बुजतो असे नाही. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यावर जाळी लावतात. पहिल्या पुराबरोबर आलेला पालापाचोळा, काटेरी फांद्या व प्लास्टिकच्या पिशव्या त्या जाळीला अडकतात आणि जाळीची भिंत होते. कोठे सांडव्याच्या पात्रात कोणी हरभरा पेरतो, कोठे कडब्याची गंजी रचतो, कोठे त्यावरून रस्ता करून खाली दोन नळ्या टाकतो. पाच-सहा वर्षे सांडवा वाहिलाच नाही, म्हणजे तो सांडवा होता याचाच विसर पडतो. ज्येष्ठात सांडव्याच्या उगमापासून नाल्याला मिळेपर्यंत पायी फिरून यावे. एवढ्या फेरीत बहुतेक अडथळे दृष्टीस पडतात.

पाझर कोठून असावा

बांध फुटण्याचा दुसरा मार्ग आतून असतो व तो दिसण्यास उशीर लागतो. पाझर तलाव हा पाझरण्यासाठीच असतो, तेव्हा बांधाखाली ओल दिसली म्हणून काय बिघडले, असा प्रश्न शेतकरी बांधव विचारतात. तलावाने तळातून पाझरावे, म्हणजे पाणी मुरमातून व फुटक्या खडकातून उतरून खालच्या विहिरींना मिळते. बांधाच्या पोटातून ते जाऊ लागले, की तलावही राहत नाही आणि विहिरींनाही लाभ होत नाही.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथील पाझर तलावाची हकिगत या दृष्टीने बोलकी आहे. गावासाठी शासनाने बांधलेला हा तलाव गळत होता. बांध उभा होता, पण पाणी ठरत नव्हते. १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गावकऱ्यांना एकत्र करून श्रमदानाने ही गळती दुरुस्त करून घेतली. पाणी तलावात ठरू लागले आणि खालच्या बाजूच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. त्या गावच्या पुढील जलसंधारणाची सुरुवात अशी एका गळक्या बांधाच्या डागडुजीतून झाली. एरवी नव्या कामाची मागणी करणारे अर्ज पुष्कळ येतात, जुन्याच्या दुरुस्तीचे फार थोडे.

बांधाच्या मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो व त्याखाली कठीण थरापर्यंत खणलेला चर त्याच मातीने भरलेला असतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांस मुरूममिश्रित मातीचे आवरण असते. थोडे पाणी यातूनही झिरपतेच. बाहेरील पायथ्याशी निवळ पाण्याची ओल दिसली व तिचे प्रमाण वर्षानुवर्षे तेवढेच राहिले, तर घाबरण्याचे कारण नाही. तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर ते बांधाची माती घेऊन येत आहे असे समजावे. आत एक बारीक नळी तयार झालेली असते आणि ती पायथ्याकडून तळ्याकडे सरकत जाते. म्हणून झऱ्याखाली पांढरी वाटी किंवा काचेचा पेला धरून पाणी पाहावे. ही परीक्षा कोणाही शाळकरी मुलास करता येते.

अशी नळी बहुधा तयार वाटेने सुरू होते. उंदीर, घुशी व खेकड्यांची बिळे, साळिंदराचे दर आणि वारुळे या वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. झाडांचे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बांधावर वेडी बाभूळ किंवा निंब माजलेला पाहून सावलीचे समाधान वाटते, पण मुळे गाभ्यापर्यंत उतरतात. झाड तोडले तरी ती मुळे आत कुजतात व पोकळी ठेवून जातात. रोपटे बोटाएवढे असतानाच उपटून टाकणे हाच खरा उपाय होय. मोठे झाड असल्यास तळे आटलेले असताना, अभियंत्याला विचारून, ते मुळासकट खणून काढावे आणि खड्डा थराथराने माती दाबून भरावा. बांधाच्या उतारावर हरळी किंवा मारवेल असावे. त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि खोल जात नाहीत.

सर्वांत धोक्याची तयार वाट मात्र मनुष्यच करून ठेवतो. तळ्यातून विद्युत पंपाने पाणी उचलण्यासाठी बांधाला आडवा चर खणून त्यात जलवाहिनी टाकतात व वरून माती लोटून देतात. वाहिनीच्या कडेने माती कधीच नीट दाबली जात नाही आणि पाणी तिच्या अंगाला धरून चालू लागते. वाहिनी माथ्यावरून न्यावी किंवा बांधाला वळसा घालून न्यावी. पाच-पन्नास मीटर नळ अधिक लागेल.

डागडुजीसाठी माती निवडतानाही जपावे लागते. प्रवरा व मुळा कालव्यांच्या पट्ट्यात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या बाजूस चोपण जमिनी आढळतात. ही माती सुकी असता दगडासारखी टणक वाटते, त्यामुळे ती मजबूत असल्याचा भास होतो. पाण्यात मात्र ती विरघळल्यागत होऊन जाते. संशय असल्यास सुपारीएवढे ढेकूळ काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, न ढवळता, अलगद सोडावे. काही मिनिटांत त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरू लागला, तर ती माती बांधाला वापरू नये. चांगली माती असली तरी ती पंधरा-वीस सेंटिमीटरांच्या थरांत, मुठीत धरता लाडू वळेल इतपत ओलवून, रोलरने किंवा धुमसाने दाबावी लागते. टिप्परने ओतलेला ढीग म्हणजे भराव नव्हे.

कोरड्या वर्षांनंतरचे पहिले पाणी

दोन-तीन वर्षे तळे भरलेच नाही, तर बांध विश्रांती घेत नसतो. तो तडकत असतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. बांधाचा गाभा त्याच मातीचा असतो. बांधाच्या लांबीला समांतर भेगा कमी धोक्याच्या, पण आतून बाहेर बांध छेदून जाणारी भेग म्हणजे पाण्याला उघडलेले दारच. अशा भेगेवर वरून माती टाकून ती झाकू नये. ती खोलवर उकरावी आणि थर दाबत भरावी. माथा एका पातळीत आहे की नाही, हे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने तपासावे. ट्रॅक्टरच्या चाकोरीने किंवा गुरांच्या वाटेने माथ्यावर जेथे खोलगट झाले असेल, तेथूनच पाणी पहिल्यांदा उलटेल.

पहिल्या भरणीची धास्ती मोठ्या धरणांनाही असते. आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणात काम पुरे झालेले नसताना १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीवरील भराव खचू लागला, रात्रभर जवानांनी माथ्यावर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले व पुणे शहरात हाहाकार उडाला. लहान धरणाची हकिगत अधिक जवळची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री फुटले. पायथ्याची वस्ती वाहून गेली व वीसच्या आसपास माणसांचे प्राण गेले. धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. खेकड्यांनी पोखरल्याने ते फुटले असे नंतर बोलले गेले व त्यावर मोठा वाद झाला. खेकडे असोत वा बांधकाम असो, गळती दिसल्यापासून बांध फुटेपर्यंत पायथ्याची घरे रिकामी झाली नव्हती, ही गोष्ट गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात घेण्यासारखी आहे.

म्हणून पावसाळ्यापूर्वीच बांधाखालच्या नाल्याकाठी कोणाची घरे, गोठे व ऊसतोडणी मजुरांची पाले आहेत, त्यांची यादी ग्रामपंचायतीत तयार असावी. रात्री कोणाला प्रथम उठवावयाचे, देवळाचा ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती, म्हाताऱ्या माणसांना कोठे न्यावयाचे, हे यादीतच लिहावे. शाखा अभियंता व तहसील कार्यालयाचे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. तळे सांडव्यापर्यंत भरले आणि आभाळ भरून आले, की दोन माणसांनी विजेरी घेऊन बांधावर फेरी सुरू करावी. एक माथ्यावरून, दुसरा बाहेरील पायथ्याने.

पायथ्याशी गढूळ झरा दिसल्यास तो चिकणमातीने बुजविण्याचा मोह होतो. तसे करू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून, अधिक जोराने फुटते. झऱ्यावर प्रथम जाड वाळू, तिच्यावर खडी व वर दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी जाते आणि माती अडते. या कामासाठी दोन ब्रास वाळू व खडी बांधाजवळ आधीच टाकून ठेवावी, कारण पावसाच्या रात्री बैलगाडी वा ट्रॅक्टर तेथवर पोचत नाही. मोरी असल्यास ती उघडून पातळी हळूहळू उतरवावी. पाणी एकदम उतरविल्यास आतील भिजलेला उतार घसरतो. सांडवा कापून पाणी काढणे हे अभियंत्याच्या समक्षच व्हावे आणि बांधाला तर कोणत्याही परिस्थितीत कुदळ लावू नये. झऱ्याचा जोर वाढतच असेल, तर वाळू टाकीत बसण्यापेक्षा आधी घरे रिकामी करवावीत.

पूर ओसरल्यावर एक छोटे काम उरते. आतील दगडी अस्तरावर पालापाचोळ्याची रेघ उमटलेली असते. पाणी कोठवर चढले होते ते ती दाखविते. पुढच्या पावसाने ती पुसली जाण्यापूर्वी तेथे तांबड्या रंगाने खूण करून तारीख व साल घालावे, आणि त्या दिवशीचा पाऊस गावच्या किंवा मंडळाच्या पर्जन्यमापकावरून काढून नोंदवहीत लिहावा. सांडवा पुरेसा आहे की नाही हे ठरविण्यासाठी अभियंता बांधावर येईल, तेव्हा त्याला प्रथम ही खूण दाखवावी.